थकवा तिचा, दारू त्याची. निदान कुणाचेच नाही

अंगदुखी, डोकेदुखी, सततचा थकवा, उडालेली झोप अशा तक्रारी घेऊन आरोग्य केंद्रात येणाऱ्या स्त्रीच्या हाती बहुधा लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिकची चिठ्ठी पडते. रोज संध्याकाळी दारूच्या आहारी जाणारा पुरुष तर रुग्ण मानलाच जात नाही. तो ‘वाया गेलेला’ ठरतो. दोघांच्याही मुळाशी नैराश्य असू शकते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

गोव्यापुरता हा केवळ तर्क नव्हे. उत्तर गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही; आढळला तो आर्थिक ओढाताण, घरातील दुय्यम स्थान आणि मानसिक अस्वास्थ्याशी. त्याआधी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातील २३ टक्के बाळंतिणींमध्ये प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य दिसले होते. जन्मलेले बाळ मुलगा की मुलगी, यावरही ते अवलंबून होते.

चूक केवळ कुटुंबाची नाही, तपासणाऱ्याच्या नजरेचीही आहे. अमेरिकेत १९७० साली झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात मानसोपचार क्षेत्रातील व्यावसायिकांनी ‘निरोगी प्रौढ माणसा’चे केलेले वर्णन ‘निरोगी पुरुषा’शी जुळले, ‘निरोगी स्त्री’शी नाही. १९८९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात रुग्णाची हकीकत तीच ठेवून केवळ लिंग बदलले, तरी निदान बदलले. ‘हिस्टेरिया’ हा शब्द अमेरिकी निदानपुस्तिकेतून १९८० साली गेला. त्यामागची वृत्ती मात्र शिल्लक राहिली.

हा पूर्वग्रह पुरुषांनाही सोडत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) मनोविकारांचे प्रमाण पुरुषांत १३.९, तर स्त्रियांत ७.५ टक्के आढळले. पुरुषांच्या आकड्यात दारूच्या व्यसनाचा वाटा मोठा आहे. नैराश्याचे प्रमाण मात्र स्त्रियांत अधिक नोंदले गेले. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. नैराश्याच्या नोंदीत मागे असलेला पुरुष आत्महत्येच्या नोंदीत इतका पुढे कसा? यामागे अनेक कारणे आहेत. परंतु रडण्याऐवजी चिडणारा, पिणारा, गप्प बसणारा पुरुष निदानाच्या चाळणीतून निसटतो, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होय.

स्त्री-पुरुषांतील प्रत्येक फरक पूर्वग्रहातूनच येतो, असे अर्थातच नाही. काही विकारांचे प्रमाण खरोखरच भिन्न असते. म्हणूनच अंदाजाऐवजी ठरावीक प्रश्नावलीने सर्वांची तपासणी होणे आवश्यक ठरते.

त्याचा पाया गोव्यात आधीच घातला गेला आहे. ‘संगाथ’ या संस्थेने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित, बिगरवैद्यकीय समुपदेशकांमार्फत नैराश्य आणि मद्यासक्ती या दोहोंवर उपचार करून त्यांची परिणामकारकता दाखवून दिली. आता गरज आहे ती दोन प्रश्नांची अदलाबदल करण्याची: थकलेल्या स्त्रीला तिच्या मनाविषयी व घरातील वागणुकीविषयी, आणि पिणाऱ्या पुरुषाला त्याच्या दुःखाविषयी विचारले गेले पाहिजे. हे विचारायला नवे यंत्र लागत नाही, तपासणीच्या खोलीत थोडा एकांत आणि पाच मिनिटे लागतात.