माशांचे बिऱ्हाड

दिवाळीची झाडलोट आटोपली की दिवाणखान्यात काही तरी नवे आणावे, असे घरोघर वाटू लागते. पडदे होतात, अभ्रे होतात आणि मुलांच्या हट्टापायी काचेचे एक गोल भांडे येते. त्यात दोन सोनेरी मासे. पाडव्याला आलेले हे पाहुणे तुळशीच्या लग्नापर्यंत टिकले तर नशीब! मुले रडतात. आई म्हणते, "मासे नाजूकच असतात, बाळ."

मासे इतके नाजूक नसतात. आपण त्यांना बिऱ्हाड वाईट देतो. हे मला पटले मुरबाड तालुक्यातल्या धसईला. रोकडीविना व्यवहारांमुळे 2016 साली वर्तमानपत्रांत गाजले तेच हे गाव. मामीच्या गोठ्यातली गुरे गेली आणि काळ्या दगडाची डोण अंगणात रिकामी राहिली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर खोल. मामीने तळाशी धुतलेली वाळू पसरली, पाणवनस्पती लावल्या आणि दहाबारा गप्पी सोडले. पंप नाही, दिवा नाही.

"मामी, यात मासे नीट दिसत नाहीत गं!" मी म्हणालो.

"तुला बघायचंय रे. त्यांना राहायचंय!"

सारे शास्त्र या उत्तरात आले. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की पाणी वाढते, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग आकसतो. पसरट डोणीत नेमके उलट. शिवाय माशांनी टाकलेला अमोनिया विषारी असतो. वाळूवर आणि दगडावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ते वनस्पतींना खत होते. आपण मात्र दर रविवारी भांडे घासूनपुसून लख्ख करतो आणि हे सेवक मोरीत वाहून जातात! लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून हा मेळ 1850 साली मांडला होता.

शहरात डोण कुठली? पसरट सिमेंटची कुंडी चालेल. मात्र नवी असल्यास चुना उतरेपर्यंत दोनतीन आठवडे पाणी बदलत राहा. तिला सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारचे नको. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. तेव्हा गॅलरीची ताकद आधी विचारा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना बाधते, म्हणून ते घालवणारे औषध दुकानातून आणून वापरा. आधी वनस्पती लावा, मग दोनच मासे सोडा, बाकीचे महिन्याभराने. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घाला. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, पण वाळू उपसू नका. वर जाळी हवीच. मांजर आणि कावळा यांनाही आपली आवड कळते.

उघड्या पाण्यात डास होतील, ही धास्ती नको. गप्पी डासांच्या अळ्या आवडीने खातात. त्यांची प्रजा मात्र झपाट्याने वाढते. जास्तीचे मासे नदी-ओढ्यात कदापि सोडू नका. ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. आपल्याकडच्या माशांच्या तोंडचा घास जातो. त्यापेक्षा फराळाच्या ताटाबरोबर शेजारी चार मासे द्या, आणि हो, सोबत कुंडीचा पत्ताही सांगा. नाही तर ते पुन्हा गोल भांड्यात जायचे!