फूड ट्रेलर घेताय? मेनूच्या आधी वजन बघा

फूड ट्रेलरबद्दल विचारणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. मेनू काय ठेवू, बोर्ड कसा करू, दिवसाला गल्ला किती होईल? गाडीमागे जोडल्यावर तो रस्त्यावर कसा चालेल, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे: भरलेल्या ट्रेलरचं वजन किती होणार हे कळल्याशिवाय फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देऊ नका.

एका ॲक्सलचा ट्रेलर म्हणजे तराजूची दांडी. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. भरलेला ट्रेलर ६०० किलोचा असेल, तर हुकावर ६० ते ९० किलो. (तेवढा भार आणि तेवढं वजन तुमची गाडी ओढू शकते का, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं. हुक बसवणारा 'चालतंय हो' म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका.) मागे भार जास्त झाला की हुक वर उचलला जातो, गाडीच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. कर्ज काढून घेतलेला धंदा तिथेच आडवा होऊ शकतो, आणि शेजारून बाईकवाला जात असेल तर विषय धंद्यापुरता राहत नाही.

आता ट्रेलर बनतात कसे बघा. काउंटर मोकळा दिसावा म्हणून फ्रीज, टाकी, सिलिंडर सगळं मागच्या भिंतीला! २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. अर्धी टाकी तर वळणावर डचमळते. पाणी जागेवर पोचून भरा ना. जड सामान ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, खालच्या बाजूला, डावी-उजवीकडे सारखं. सिलिंडर बंद करून, रेग्युलेटर काढून, उभा आणि पट्ट्याने आवळलेला.

'दोनच किलोमीटर जायचंय सर.' अहो, उतार आणि स्पीडब्रेकर दोन किलोमीटरमध्येही असतात.

भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर न्या. हुकाच्या भारासाठी चाकांना अडण लावा, ट्रेलर सपाट ठेवा आणि त्याचं पुढचं टोक दणकट काट्यावर टेकवा. आकडा समोर येतो.

तरी रस्त्यात डोलायला लागलाच, तर ब्रेक जोरात मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवा.