उजळलेला तस्कर

१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील हान सोलो हा अवकाशातील तस्कर, कर्जबाजारी, मोबदल्यापुरता लढणारा आणि अखेरीस अनिच्छेनेच वीर ठरणारा. त्याच्या मालाने कोणाचे काय बिघडले, हे चित्रपट विचारीत नाही. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत तर ग्रीडोची गोळी आधी सुटते. नायकाने केलेली हत्या स्वसंरक्षणात जमा झाली. (‘दीवार’मधल्या विजयला निदान मरावे तरी लागले!) त्याच्यामागे लागणारे शिपाई पांढऱ्या चिलखतात, चेहऱ्याविना उभे केलेले, म्हणून त्यांच्या मरणाची हळहळ नाही. साम्राज्य जुलमी होते, हा बचाव लटका आहे. सोलो माल वाहत होता तो जब्बा या गुंडासाठी.

कलकत्त्याच्या गोदीलगतच्या गार्डन रीचमध्ये मात्र शिपायांना नावे असतात. मार्च १९८४ मध्ये तेथे बंदर विभागाचे पोलीस उपायुक्त विनोद मेहता व त्यांचे अंगरक्षक मुख्तार अली यांची हत्या झाली. वीरनायकाच्या शोधात निघालेल्या समीक्षेला हा अंगरक्षक दिसत नाही. मोबदला घेऊन निघून जावे आणि नेमक्या क्षणी परतावे, अशी सोय त्याला कोणत्याही पटकथेने दिली नव्हती.