टाकीत पाणी उतरवा, माणूस नको

रासायनिक कारखान्यातील टाक्या ठरावीक मुदतीने धुवाव्या लागतात. तळाचा गाळ खरवडण्यासाठी मॅनहोलमधून कामगार आत उतरवणे ही आपल्या औद्योगिक वसाहतींतील जुनी रीत. आतील प्राणवायू आणि विषारी वायू मोजलेले नसतील तर उतरलेला माणूस क्षणार्धात कोसळतो. त्याला वाचवायला धावलेला सोबतीही त्याच्याच शेजारी पडतो. यास अपघात म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

कारण बहुतांश टाक्या माणूस न उतरवताही धुता येतात. फिरत्या तोटीतून प्रचंड दाबाने सुटणारे पाण्याचे फवारे आतील भिंती धुऊन काढतात. यंत्र चालवणारा बाहेर उभा असतो. अर्थात यंत्रालाही शिस्त लागते. डिसेंबर 1969 मध्ये मार्पेसा, माक्ट्रा आणि काँग हाकोन सातवा या तीन अजस्र तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुताना स्फोट झाले. फवाऱ्यांमुळे साचणाऱ्या विद्युतभाराकडे तज्ज्ञांनी बोट दाखवले आणि पुढे टाक्यांत निष्क्रिय वायू भरण्याचा दंडक रूढ झाला. जहाजे गमावताच भांडवलाला शहाणपण सुचले. गुदमरलेल्या मजुरामुळे ते सुचत नाही.

1948 च्या कारखाने अधिनियमातील 36 व्या कलमाने हवा तपासल्याच्या लेखी दाखल्यावाचून, अथवा श्वसनयंत्र आणि बाहेरून धरलेल्या दोरीवाचून, अशा टाकीत कोणासही उतरवण्यास मनाई केली होती. उणीव कायद्यात नव्हती, अंमलबजावणीत होती. टाकी धुणारी टोळी पाचसहा जणांची, तीही ठेकेदाराची. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा 20 कामगारांपासून लागू होई. 2020 च्या संहितेने ती मर्यादा 50 वर नेली. ही टोळी तेव्हाही कक्षेबाहेर होती, आता तर ती दृष्टीआडच गेली आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. फवाऱ्याने भागते तेथे माणूस उतरवण्यास सरसकट बंदी हवी. उतरणे अटळ असेल तेथे दाखला, श्वसनयंत्र आणि दाराशी पहारा हवा. जबाबदारी ठेकेदारावर न ढकलता मूळ मालकावर ठेवावी. यंत्र आले म्हणून टोळीची रोजी जाता कामा नये. यंत्र चालवण्याचे शिक्षण प्रथम तिलाच द्यावे.

परंतु केवळ मागण्यांनी टाकीचे झाकण बंद होणार नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी ठेकेदाराच्या माणसाला परका मानणे सोडले पाहिजे. दाखला न दाखवता कोणी आत उतरत असेल, तर त्याला अडवणे हे फाटकावरील प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. मग तो आपल्या संघटनेचा सभासद असो वा नसो.