आधी कान, मग कॅमेरा

परवा मावसभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाला, "तू म्हणे हल्ली तमाशात फोटो काढत हिंडतोस? घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे, मंडळी. बायकोला माहीत आहे, आईलाही माहीत आहे. आई तर म्हणाली, "तमाशाला जातोस ते जा, पण रात्री उसातल्या रस्त्याने एकटा येऊ नकोस, बिबट्या आहे." आमच्या शिरूर तालुक्यात आयांची काळजी हल्ली या क्रमाने असते. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसाठी एकदाच लिहून टाकतो, म्हणजे फोनचं बिल (आणि अफवा) वाचतील.

तर झालं असं. २०२२ साली मी कॅमेरा घेतला. चाळिशीत माणसं धावायला लागतात, कविता करायला लागतात किंवा कॅमेरा घेतात. धावण्याचे गुडघे नव्हते आणि कवितेची दहशत घरच्यांनी आधीच घेतली होती. रामलिंगाच्या यात्रेत, घोडनदीच्या काठावर, सूर्यास्त, बगळे, झेंडूची फुलं, सगळं टिपून झालं. फोटो बरे यायचे. बरे म्हणजे कुणाचेही येतील तसे. मग चैत्रात एका मित्राच्या गावच्या यात्रेला गेलो. रात्री तमाशा होता. म्हटलं, चला, रंग आहेत, दिवे आहेत, नाचणाऱ्या बाया आहेत, फोटो आपोआप येतील.

त्या रात्री सहाशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर पाचशे ऐंशी थेट कचऱ्यात! कुणाचं डोकं माइकच्या मागे, कुणाचा जबडा ताणलेला, कुणाचा हात धुरकट. लाल दिव्यात चेहऱ्यांचे नुसते टोमॅटो झालेले. काही फोटोंवर तर झेब्र्यासारखे आडवे पट्टे. मला वाटलं कॅमेरा बिघडला.

कॅमेरा बिघडला नव्हता. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटला की तो ते नेमकं पकडतो. शटर शंभरावर आणलं की पट्टे जातात. लाल दिवा डोक्यावर असेल तर थांबायचं, नाहीतर तो फोटो सरळ काळापांढरा करायचा. माइक तोंडासमोर येत असेल तर आपण बाजूला सरकायचं. कडकडीत काळोख आणि मध्ये उजळलेला चेहरा असेल तर कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो, तो चेहरा पांढराफटक करतो, म्हणून प्रकाश एक पायरी कमी घ्यायचा. ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची साधी लेन्स अशा अंधारात महागड्या झूमपेक्षा जास्त कामाला येते. हे सगळं मी आठ-दहा दिवसांत शिकलो. कुणीही शिकेल.

पुढच्या यात्रेत पट्टे गेले, टोमॅटो गेले, डोकी माइकमागून बाहेर आली. तरी फोटो मेलेलेच. सगळं स्वच्छ दिसतंय, पण काही घडतच नाहीये! लग्नाच्या अल्बमात कसं, सगळे असतात आणि लग्न नसतं, तसं.

याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. ते एका ढोलकीवाल्या मामांनी दिलं, तेही यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, हजेरीत.

शहरातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमच्या भागात रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फड पुन्हा उभा राहतो, त्याला हजेरी म्हणतात. मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हजेरीत दिवे नाहीत, धूर नाही. वरच्या लाल-हिरव्या कापडातून गाळून आलेलं ऊन, रात्रीच्या रंगावर चढवलेला सकाळचा रंग, आणि समोर फेटेवाले म्हातारे. रात्री शिट्ट्या मारणारी पोरं तेव्हा झोपलेली असतात. फोटो शिकायचा असेल तर हजेरीसारखी शाळा नाही.

तर कार्यक्रमानंतर मामा ढोलकीच्या दोऱ्या सैल करत बसले होते. मी बराच वेळ समोर घोटाळत होतो, तेव्हा त्यांनीच हाक मारली. फोटो पाहिले. म्हणाले, "तुम्ही थाप पडल्यावर बटन दाबता, साहेब. थाप पडायच्या आदी दाबा."

"पण पडायच्या आधी कळणार कसं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या नापास पोराकडे पाहतात. "गाणं ऐकता का न्हाई?"

खरं सांगतो, नव्हतो ऐकत. फोटो काढताना मी जवळजवळ बहिरा असायचो. डोळा कॅमेऱ्यात, बोट बटनावर, डोक्यात आकडे. दोन यात्रांत किती लावण्या झाल्या असतील, पण मला एकीचीही चाल सांगता आली नसती. आणि डोळ्याने पाहून बोटाला हुकूम जाईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. माणसाचं अंगच तेवढं संथ आहे, त्याला महाग कॅमेरा काय करणार? जे पुढे येणार आहे ते आधी कळलं तरच बोट वेळेवर पडतं, आणि गाण्यात पुढे काय येणार ते फक्त कानाला कळतं. तोडा संपत आला की ढोलकी दाटते, नाचणारीची नजर एकदा ढोलकीकडे जाते, झांजवाल्याची मान वर होते, आणि मग सगळे मिळून समेवर येतात. तिथे फोटो आहे. सम गेल्यावर उरतात ते फक्त हातपाय.

मग मी एक अख्खी यात्रा कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसता बसलो. गण, गवळण, मावशीची फटकेबाजी, सोंगाड्याची बतावणी, रंगबाजी, वग. वग ऐकताना कळलं की आपल्या तालुक्यातल्याच कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकरांनी फडांसाठी किती वग आणि गाणी लिहिली होती. २०२१ मध्ये ते गेले. मी चाळीस वर्षं इथेच आहे, आणि हे मला पिशवी बंद ठेवल्यावर कळलं!

त्याच्या पुढच्या यात्रेत मी सहाशेऐवजी नव्वद फोटो काढले. त्यातले अकरा ठेवले. माझ्यासाठी ती दिवाळी होती.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्वला जातो, तेव्हाही हेच जाणवतं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव, आणि आमची चैत्रातली यात्रा. दोन्ही मंडपांत श्रोते वेगळे, कपडे वेगळे, आब वेगळा. पण सवाईत गाणाऱ्यांची सतीश पाकणीकरांनी काढलेली छायाचित्रं पाहा. त्यांची सुरुवात रोलच्या जमान्यातली, एका रोलमध्ये छत्तीस फोटो, मागे पाहायला पडदा नाही. छत्तिसातला एक खर्च करायचा तर माणूस आधी ऐकणारच. त्या चित्रांत सूर लागलेला दिसतो तो त्यामुळे, असं मला वाटतं. आमचं कार्ड हजार फोटोंचं, म्हणून आम्ही ऐकत नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण या लेखाचं खरं कारण पुढे आहे.

गेल्या चैत्रातली गोष्ट. रंगबाजी चालू होती. एक कलाकार, तिशी-पस्तिशीची, गिरकी घेऊन वळली, आणि प्रेक्षकांकडे पाठ असताना एक क्षण तिचा चेहरा उतरला. हसू गेलं, डोळे मिटले, तोंडाने श्वास घेतला. मी बाजूला, विंगेपाशी होतो. बटन दाबलं. पुढच्या क्षणी ती पुन्हा वळून हसत होती. पडद्यावर फोटो पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. हाच तो फोटो! कलावंताच्या हसण्यामागचं वगैरे वगैरे... मथळासुद्धा मनात तयार झाला.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर फडाच्या मॅनेजरना विचारून राहुटीपाशी गेलो. मामा ओळखीचे होतेच. त्या ताई चहा पीत होत्या. म्हटलं, तुमचे काही फोटो काढलेत, बघता का? त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागल्या. माझ्या त्या फोटोपाशी थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील, वा!

"हा काढून टाका, दादा."

"का हो? चांगला आलाय."

"यात मी दमलेली दिसते. दमलेलं दाखवायचं नसतं."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मेहनत दिसते, लोकांना कळलं पाहिजे, असलं काहीतरी. त्या शांतपणे म्हणाल्या, "खालून मोबाईल धरत्यात ती पोरं, त्यांच्याकडं आम्ही बघत न्हाई. बघितलं तर नाचता येणार न्हाई. तुम्ही समोर येऊन दाखवलंत म्हणून सांगितलं." मग पुढे सरकवत एका फोटोवर बोट ठेवलं, जो मी जवळजवळ पुसलाच होता. त्यात काही नाट्य नव्हतं. त्या आणि मामा एकमेकांकडे बघताहेत, एवढंच. "हा द्या मला. हितं समेवर आलोय आम्ही. हे त्या दुसऱ्या लावणीतलं हाय, न्हाई का मामा?" मामांनी मान डोलावली.

मुक्या फोटोत त्यांना गाणं ऐकू येत होतं. कुठलं गाणं, कुठली मात्रा, सगळं. आणि मी ज्याला माझा सर्वांत खरा फोटो समजत होतो, त्यात त्यांच्या मते गाणंच नव्हतं.

मी तो फोटो त्यांच्यासमोर पुसला. हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू?

हे एका फोटोग्राफर मित्राला सांगितलं तर तो खवळला. "मूर्ख आहेस. बाई स्टेजवर उभी राहिली म्हणजे परवानगी आलीच. असं सगळ्यांना विचारत बसलो तर जगातले निम्मे मोठे फोटो झालेच नसते." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे छायाचित्रांचं पुस्तक २००६ मध्ये आलं. फडाचं जगणं असं कुणी टिपून ठेवलं नसतं तर शहराला हे लोक दिसलेच नसते. २०२० मध्ये टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणजे २५ मार्च, नेमका गुढीपाडवा होता. नारायणगावला राहुट्यांतून यात्रांच्या सुपाऱ्या ठरायचे ते दिवस. ऐन हंगाम बुडाला, पुढचाही बुडाला. तेव्हाचे त्यांचे हाल दाखवणारे फोटो निघायलाच हवे होते. दमणूक कधीच दाखवू नये, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच की दमणूक ज्याची आहे त्याला विचारावं. रंगमंचावर उभं राहून कलाकार आपल्याला गाणं देतो, ते ऐकायची परवानगी तिकिटात येते. पाठ वळवून घेतलेला श्वास तो आपल्याला देत नाही, तो आपण घेतो. आणि तमाशातली बाई असेल तर ते उचलून पळणारे हात आधीच शेकडो आहेत. खालून धरलेला मोबाईल आणि माझी लेन्स यांत फरक कशाचा? किमतीचा? मी त्या राहुटीपाशी गेलो नसतो तर दुसरा कुठला फरक मला तरी सांगता आला नसता.

म्हणून नव्याने कॅमेरा घेतलेल्या कुणी विचारलं, कार्यक्रमाचे फोटो कसे शिकू, तर मी सांगतो: गावच्या यात्रेला जा, भजनाला जा, गणपतीतल्या वाद्यवृंदाला जा. पहिल्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेव आणि चाल पाठ कर. दुसऱ्या वेळी काढ. तिसऱ्या वेळी काढलेले फोटो घेऊन त्याच माणसांसमोर बस. तुझ्या फोटोत गाणं आहे की नाही ते त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही. लाइक देणारे तर नाहीच नाही.

त्या दोघांचा फोटो मी सहा बाय आठचा छापून घेतला, दोन प्रती, आणि पुढच्या गावच्या यात्रेत नेऊन दिला. मामांनी तो ढोलकीच्या गवसणीत ठेवला. ताई म्हणाल्या, "पदर जरा नीट असता तर अजून बरा आला असता." हा दोष पूर्ण माझा, मान्य आहे.

असो. मावसभावा, तुझ्या शंकेचं निरसन झालं असेल. पुढच्या चैत्रात इकडे ये. रात्रीचा तमाशा पाहू, मुक्काम करू आणि सकाळची हजेरी ऐकू. कॅमेरा मात्र आणू नकोस. पहिलीच वेळ आहे तुझी.