भाडे परवडते, आडनाव आडवे येते!

मुंबई परवडत नाही म्हणून आपला नोकरदार तरुण डोंबिवली, बदलापूरकडे वन बीएचके शोधतो. भाडे जमते, डिपॉझिटचीही सोय होते. मग एजंट विचारतो, 'आडनाव काय? नॉनव्हेज खाता का?' आणि खोली 'कालच गेलेली' असते! १९१७ साली बडोद्यात उच्चविद्याविभूषित बाबासाहेबांना जात कळताच पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेले. आज काठी नाही, गोड नकार आहे. फरक एवढाच!

ही घरमालकाची खासगी मर्जी नव्हे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कलम १२ प्रमाणे न्यायालय ते कारण गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा आधार आहे.

पण तोंडी नकार कोर्टात सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून मोबाईलवरचे मेसेज जपा, सोबत साक्षीदार न्या, लेखी तक्रार द्या. बांधवांनो, आडनाव लपवू नका. नकार लपू देऊ नका!