चमचाभर मध खाण्याआधी बांधावरचं गाजर गवत उपटा



पाऊस उघडला की आपल्या लातूर-नांदेड भागात सोयाबीनची मळणी अन् घराघरात शिंका सोबतच सुरू होतात. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, काहींना रात्री दम लागतो. मग मोबाईलवर एकच सल्ला फिरतो. आपल्याच भागातला कच्चा मध रोज चमचाभर खा, त्यातल्या परागकणांची शरीराला सवय होते अन् अ‍ॅलर्जी जाते. मध विकणारे पण आता हेच सांगून विकायलेत.

माझं मत सरळ आहे. मध जरूर खावा, पण शिंकांचं औषध म्हणून घेऊ नये.

कारण वावरातच दिसतं. माशी जाते कुठं? सूर्यफूल, करडई, तूर, तीळ, कांद्याचं बियाणं. या फुलांचा पराग जड अन् चिकट असतो, हवेत लई उडत नाही. नाकात जाऊन त्रास देतो तो मुख्यतः वाऱ्यावर उडणारा बारीक पराग. हरळी, ज्वारी, मका ही सगळी गवताच्या कुळातली, ती पराग वाऱ्यावर सोडतात. म्हणजे ज्याचा त्रास, तो मधात नावालाच. अन् मळणीयंत्रापुढं नाकात जाते ती तर भुसकटाची धूळ अन् बुरशी. तिचा मधाशी काय संबंध?

कुणी म्हणेल, माशी मक्याच्या तुऱ्यावर अन् गाजर गवतावर पण बसते की. बसते, खरं आहे. पण अ‍ॅलर्जीचे डॉक्टर सवय लावायचा उपचार करतात तेव्हा मात्रा मोजून, हळूहळू वाढवत, तीन ते पाच वर्षं देतात. चमचाभर मधात कोणता पराग किती, हे कोण मोजतंय? या मोहोळाचा वेगळा, त्या मोहोळाचा वेगळा.

याची परीक्षा पण झालेली आहे. अमेरिकेत कनेक्टिकट इथं 2002 साली 36 जणांचे तीन गट केले. एकाला तिथलाच कच्चा मध, दुसऱ्याला गाळून तापवलेला बाजारचा मध, तिसऱ्याला मधाच्या चवीचा नुसता पाक. तिन्ही गटांत फरक दिसला नाही. मलेशियात 2013 साली छापून आलेल्या एका अभ्यासात मधानं फायदा दिसला, हे पण सांगायला पाहिजे. पण तिथं अ‍ॅलर्जीची गोळी सोबत चालू होती, अन् मध होता वजनाच्या किलोमागं रोज एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला महिन्याला पावणेदोन किलोच्या वर! चमचाभराची ती गोष्टच नाही.

मग करायचं काय? आपल्याकडचा मोठा वैरी गाजर गवत. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे तण आज प्रत्येक बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला आहे. त्याच्या परागानं शिंका अन् दमा, अंगाला लागलं तर खाज. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं अन् एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. म्हणून फुलायच्या आधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फूल नसेल तर खड्ड्यात टाकून कंपोस्ट करा. पावसाळ्यात त्याच्यावर मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथं फवारू नका, ते आपलंच काम करायलेत. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह असतो. कृषी सहायक साहेबांना विनंती, तो फोटोपुरता ठेवू नका, गावाला सोबत घेऊन पांदण रस्ता साफ करा. एकट्याच्या बांधानं भागत नाही, शेजाऱ्याचं बी आपल्याच वावरात येतं.

मळणीला मास्क लावा, नसेल तर उपरणं ओलं करून नाका-तोंडाला गच्च बांधा. दम लागत असेल तर डॉक्टरनं दिलेला पंप मधाच्या भरवशावर बंद करू नका. यात जीव जातो, मंडळी. वर्षाच्या आतल्या लेकराला मधाचं बोट सुद्धा नको, त्यातल्या जंतूनं विषबाधा होऊ शकते. शुगरवाल्यांनी विचारूनच खावा. मध खाऊन तोंड खाजलं, ओठ सुजले तर लगेच बंद करा अन् दवाखाना गाठा.

मधपाळांनी माझ्यावर रागावू नये. खोकल्यात मधानं घशाला आराम पडतो, चव आहे, ताकद आहे. अन् माशीची खरी कमाई बाटलीत नाही, ती सूर्यफुलाच्या भरलेल्या कणसात अन् कांद्याच्या बियाण्यात आहे. एवढं खरं सांगून मध विकला तरी विकतो. औषध म्हणून विकला अन् गिऱ्हाइकाच्या शिंका थांबल्या नाहीत, तर पुढच्या साली ते चांगल्या मधाला पण भेसळ म्हणेल.

तुमच्या गावात गाजर गवत सगळ्यांनी मिळून काढलं असेल तर कसं जमवलं, ते खाली लिहा. बाकीच्यांना कामाला येईल.